नियम बदलला, तर सांगा

आमच्या फौजदाराला काही जमत नाही, असं म्हणणाऱ्यांची नावं मी एका वहीत लिहून ठेवत असे. शाळेतल्या बाई पहिल्या. पुढे नाद सोडला, वही पुरेना. फौजदार म्हणजे माझी भाची, वय एकवीस. आठ वर्षांची असल्यापासून माझ्याकडे आहे. जो चुकेल त्याला जागच्या जागी पकडायची, म्हणून हे नाव पडलं. डॉक्टरांनी तिला स्वमग्न म्हटलं तेव्हा शेजारणी माझं सांत्वन करायला आल्या. मी म्हटलं, "मुलगी धडधाकट आहे. चहा घ्या आणि निघा."

आम्ही दोघी एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. मी इस्त्रीच्या यंत्रावर, ती घडीच्या टेबलावर. चादरी, अभ्रे, शस्त्रक्रियेचे हिरवे कपडे वॉर्डाप्रमाणे वेगळे करायचे, घड्या घालायच्या, ढकलगाडीत रचायच्या. तीन वर्षांत तिच्या हातून एक अभ्राही चुकीच्या वॉर्डात गेला नाही.

फक्त एकातून मन काढून दुसऱ्यात घालायला तिला वेळ लागतो. तो मिळाला नाही की ती घाबरते, आणि भीती साठत गेली की माणसातूनच उठते. हे मला फार उशिरा कळलं आणि त्याची किंमत तिने मोजली. गेल्या वर्षी ती कामावर असताना मी हौसेनं तिची खोली रंगवून घेतली, पलंग फिरवला. वाटलं, खूश होईल. ती चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. एकदा म्हणाली, "मावशी, मी नसते तर बरं झालं असतं." औषधं झाली, समुपदेशन झालं, जुना रंग परत लावून झाला, तेव्हा कुठे ती कामावर आली.

आणि अशात आमच्याकडे नवा मुकादम आला. उंटावरून शेळ्या हाकणारा. एका सकाळी पाहते तर टेबलावरच्या वॉर्डांच्या पाट्या गायब. आता सगळं मापाप्रमाणे लावायचं म्हणे. कुणाला सांगायची पद्धतच नव्हती. फौजदार हातात चादर धरून तासभर उभी राहिली, मग कानांवर हात ठेवून टेबलाखाली जाऊन बसली. मुकादम मला म्हणाला, "हिला काम जमतं असा दाखला आणा, नाहीतर घरी बसवा." घरी म्हणजे पुन्हा ती भिंत.

दाखल्यासाठी तिला मानसिक तपासणीला नेलं, तिथे एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी चित्रांचे पत्ते दिले. कुठला पत्ता कुठे लावायचा ते हिनं शोधायचं, मॅडम फक्त बरोबर की चूक एवढंच सांगणार. हिनं रंगाप्रमाणे लावले. बरोबर, बरोबर, बरोबर. मग एकदम चूक. परत चूक. हिचे ओठ थरथरायला लागले.

"तुम्ही नियम बदललात," ती म्हणाली.

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"तेच तर बघायचं असतं."

"काय? न सांगितल्यावर माणूस कसा रडतो ते?"

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "आता सांगून बदला," फौजदारानं हुकूम सोडला. मॅडमनी सांगितलं, आकार. थोडा वेळ देऊन सांगितलं, संख्या. हिनं एक पत्ता चुकवला नाही. दाखल्यात मॅडमनी स्वच्छ लिहिलं: अचानक बदलानं हिचं मन खचतं, बदल आदल्या दिवशी लिहून दिल्यास काम उत्तम करते.

मुकादमानं दाखला वाचला आणि हसला. "म्हणजे जमत नाहीच की! इथे काय आमंत्रणपत्रिका छापायच्या? चल, आजपासून तू टॉवेलांवर."

"लिहून द्या. उद्यापासून करते. आज चादरी."

वर्षानुवर्षं मी तिला शिकवलं होतं: हस, हो म्हण, गप्प बस. त्या दिवशीही माझा हात तिच्या कोपराकडे गेला, तिला बाजूला घ्यायला. तेवढ्यात माझीच मला लाज वाटली. किती वर्षं मी हिला गप्प करत होते, आणि कुणाच्या सोयीसाठी? मी हात मागे घेतला आणि इस्त्रीचं यंत्र बंद केलं.

"तुम्हाला काय झालं?" मुकादम खेकसला.

"काही बदलताना मलाही आजवर कुणी सांगितलेलं नाही," मी म्हटलं. "मलाही लिहून द्या."

पलीकडे धुलाईयंत्रावरच्या बाईनंही बटण दाबलं. सगळीकडे एकदम शांत झालं. वरच्या मजल्यावरून फोन आला, हिरवे कपडे कुठे अडकले म्हणून. मुकादम एकदा फोनकडे, एकदा आमच्याकडे बघत राहिला. शेवटी त्यानं खिशातून पेन काढलं आणि दाखल्याच्याच मागे दोन ओळी खरडल्या.

फौजदारानं त्या सावकाश वाचल्या आणि कागद त्याच्यापुढे परत धरला.

"खाली सही राहिली."