लेकाने कुठल्या देशात पत्ते खेळावेत, हे ठरवायला मी बर्मिंगहॅमला गेले

माझा मुलगा हेमंत कॉम्प्युटरवर पत्ते खेळून संसार चालवतो. पोकर म्हणतात त्या खेळाला. हे वाक्य मी गावात पाच वर्षं गिळून होते. लेक काय करतो असं कोणी विचारलं की म्हणायचे, "कॉम्प्युटरचंच काहीतरी." खोटं तर नव्हतं.

यंदा चैत्रात त्याचा फोन आला. "आई, आम्ही देश बदलायचा विचार करतोय." जसा काही सदरा बदलायचा होता.

म्हणाला, तीन जागा डोक्यात आहेत. एक इथेच, बर्मिंगहॅमला. इथे पत्त्यांत जिंकलेल्यावर सरकार कर मागत नाही. दुसरा माल्टा, समुद्रातलं बेट, तिथे याच्यासारखे खेळणारे पुष्कळ. तिसरं आपलं गाव. पण आपल्याकडे पैसे लावून ऑनलाइन खेळायला कायद्याने बंदी आली, म्हणजे गावी यायचं तर पत्ते सोडायचे आणि पर्यटकांसाठी चार खोल्या बांधायच्या. "तू ये, सगळं बघ, मग सांग. अन्वीचा सेकंडरी स्कूलचा फॉर्म भरायच्या आत ठरवायचंय." अन्वी माझी नात, दहा वर्षांची.

तुम्हाला खरं सांगते, मी काही बघायला निघाले नव्हते. मी त्याला आणायला निघाले होते. हे गेले त्याला दोन वर्षं झाली. घरात मी आणि एक मांजर, तीही जेवणापुरती येते. शेजारची शेवंता निघताना म्हणाली, "लेकाक घेऊनच ये गो. मोकळ्या हातान येव नको."

गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मुंबई, मुंबईहून हीथ्रो. एकट्या निघणाऱ्या बायकांना एक सांगते. तिकीट काढतानाच व्हीलचेअर लिहून घ्या. माझे पाय ठणठणीत आहेत, पण खुर्चीत बसलं की लायनीत उभं राहावं लागत नाही आणि ढकलणारा माणूस बोलायची कामंही करतो. पासपोर्ट बघणाऱ्या बाईने विचारलं, मुलगा काय करतो. हेमंतने "सेल्फ एम्प्लॉइड" पाठ करून घेतलं होतं, ते ऐन वेळी तोंडात येईना. मी म्हटलं, "सन प्ले. आय कुक." ती हसली आणि तिने शिक्का मारला. पिशवीतलं कुळथाचं पीठ कोणी उघडूनही पाहिलं नाही.

हीथ्रोहून बर्मिंगहॅमला कोच जातो, तीन तास लागतात. आधी बुक केलं तर वीस पौंडांच्या आत मिळतो. ड्रायव्हरने माझी बॅग उचलून "देअर यू गो, लव्ह" म्हटलं. पासष्टाव्या वर्षी. आमच्या ह्यांनी चाळीस वर्षांत एकदा "अगो ऐकलंस?" म्हटलं तर म्हटलं.

पहिले दोन दिवस मी हेमंतचं काम बघत बसले. वरच्या खोलीत दोन मोठे पडदे आणि एक महागडी खुर्ची. जेवून दुपारी बसतो, मध्ये चहाला उठतो. मला वाटलं होतं, आरडाओरडा असेल, पानं आपटणं असेल. छे. तो बहुतेक वेळ पानं टाकूनच देतो.

"अरे, खेळ की."

"आई, खेळतोच आहे. खराब पानं टाकणं हाच खेळ."

"आमच्या गणपतीतल्या जागरणाला असा खेळला असतास तर लोकांनी पाटावरून उठवला असता."

तिसऱ्या दिवशी सून केतकीची सुट्टी होती. ती हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. बसने दोघी सिटी सेंटरच्या मासळी बाजारात गेलो. बांगडे मिळाले, आपल्यापेक्षा दुप्पट जाड. मी खुणेनेच घासाघीस केली, मासळीवाल्याने कंटाळून दोन जास्त टाकले. बसमध्ये मी केतकीला विचारलं, "तुला काय हवंय गो?"

"मला चालेल काहीही, आई. पण हेमंतने स्वतः ठरवायला हवं. बाबा गेले तेव्हा तो वेळेवर पोचला नाही ना. तेव्हापासून रोज एकदा म्हणतो, परत जाऊया. आणि मग तुमच्यासमोर बोलायला घाबरतो."

मी बांगड्यांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मनात म्हटलं, काम सोपं आहे.

शनिवारी गाडीने निघालो, आधी मिल्टन कीन्स. सव्वा तासाचा रस्ता. वाटेत सर्व्हिसेसवर, म्हणजे हायवेवरच्या थांब्यावर, कॉफी चार पौंडांच्या वर, म्हणून मी थर्मासातून चहा नेला होता, तुम्हीही न्या. मिल्टन कीन्स म्हणजे गोल चौकांचं गाव. एक संपला की दुसरा. मी अन्वीला म्हटलं, "आपण प्रदक्षिणा घालतोय का कसली?" ती म्हणाली, "आजी, तू फनी आहेस. मला पण चक्कर येतो."

तिथे हेमंतचा मित्र सागर राहतो. मूळचा नागपूरचा, तोही पत्तेवाला. तो वर्षभर माल्टाला राहून परत आला होता. साबुदाण्याची खिचडी पुढ्यात ठेवत म्हणाला, "काकू, समुद्र मस्त आहे, ऊन मस्त आहे. पण एका बेडरूमला हजार युरोच्या वर भाडं, राहायच्या कागदांसाठी खेटे वेगळे. आणि जो भेटेल तो पोकरवाला. हॉटेलात तेच, बीचवर तेच. वर्षभरात मला कोणी विचारलं नाही, जेवला का बावा म्हणून."

"मग इथे कोण विचारतं?"

"इथे शेजारची म्हातारी विचारते. तिचे डबे बाहेर ठेवतो ना मी, कचऱ्याचे."

परत गाडीत बसल्यावर हेमंत म्हणाला, "माल्टा कट." मी खिडकीतून बाहेर बघत बसले. तीनातून एक गेला होता.

मग रीडिंग. तिथे मला मुद्दाम जायचं होतं. आठ वर्षांपूर्वी हेमंत तिथे एका ऑफिसात नोकरीला होता, तेव्हा मी आणि हे तीन महिने त्याच्याकडे राहिलो होतो. थेम्सच्या काठाने चालायला छान पायवाट आहे, पैसे पडत नाहीत, फक्त हंसांपासून लांब राहा. त्या काठावर एक बाक होता. ह्यांना इंग्रजी येत नव्हतं, शेजारच्या रॉनआजोबांना मराठी यायचा प्रश्नच नव्हता. तरी दोघं रोज सकाळी अकराला त्या बाकावर बसून रमी खेळायचे, काडेपेटीतल्या काड्या लावून. भाषा येत नव्हती, पण दोघांना चोरी करता यायची. मी डबा घेऊन गेले की हे विचारायचे, "कोण पुढे आहे बघ गो." मी काड्या मोजून सांगायचे. ह्यांची कानटोपी, रॉनआजोबांची हॅट, दोन्ही बाकाच्या टोकाला ठेवलेल्या.

आता तिथे दुसराच बाक आहे, लोखंडी. रॉनआजोबांच्या घराला वेगळा रंग. मी बसून पाहिलं, गार लागला. हेमंत शेजारी बसला.

"बाबा मुद्दाम हरायचे माहितेय तुला?" तो म्हणाला. "एकदा मी मागे उभा होतो. हातात जिंकायची पानं होती आणि त्यांनी खाली ठेवली नाहीत. मला म्हणाले, म्हाताऱ्याला उद्या परत यावंसं वाटलं पाहिजे."

मला हे माहीत नव्हतं. चाळीस वर्षं मी त्यांना वाईट खेळाडू समजत होते, तसं चारचौघांत म्हणायचेही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, हेमंत म्हणाला, "आई, कौल लावूया का?"

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर देवाला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवायच्या, देवाला प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. गावात हे गुरव करतो. हेमंत पहिल्यांदा परदेशी निघाला तेव्हाही लावला होता.

केतकी म्हणाली, "दिवसभर गणितं करणारा माणूस आणि हे?"

"दोन्ही बाजू सारख्याच वाटत असतील तर काय करायचं? मग देवच बरा."

इथे गुरव कुठला, म्हणून मांडणी माझ्याकडे आली. केतकीच्या फुलदाणीतल्या ट्यूलिपच्या दोन पाकळ्या घेतल्या. ओट्यावर पितळी गणपती ठेवला. हेमंतने प्रश्न घातला, "इथे राहायचं असेल तर उजवा दे. गावी जायचं असेल तर डावा."

आता माझं पाप ऐका. मी एक पाकळी नुसत्या पाण्याने लावली. दुसरीला मागून दाट गंध फासलं, तुळशीच्या लग्नापर्यंत पडली नसती अशी. गंधाची उजवीकडे, पाण्याची डावीकडे. हेमंत ओट्यापाशीच उभा होता. पत्तेवाल्याची नजर. त्याने माझा अंगठा बघितला हे मला कळलं, पण त्याने देवाला हात जोडले.

आम्ही चौघं बसलो. शेगडीवर कुळथाची पिठी रटरटत होती. थोड्या वेळाने डावीकडची पाकळी सुटली आणि ओट्यावर पडली.

"डावा," मी म्हटलं. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

अन्वी पुढे झाली. "आजी, पण तो बाप्पाचा राइट हॅण्ड आहे ना? ही इज फेसिंग अस."

मी मूर्तीकडे बघितलं. जन्मभर मी बायकांच्या बाजूला उभी राहून कौल पाहिला, लावला कधीच नव्हता. देवाचा उजवा म्हणजे समोरच्याचा डावा, एवढं साधं. मी माझ्या हातांनी, माझ्या गंधाने, माझ्या लेकाला इंग्लंडात ठेवलं होतं.

हेमंत उठला. आला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. सव्वा सहा फुटाचा माणूस, वाकून. बाबांच्या दिवसांतही तो रडला नव्हता, सगळी कामं करत राहिला होता.

"मी बघितलं गंध," तो हळूच म्हणाला. "तू बाबांसारखं केलंस. मला वाटत होतं तू मला घ्यायला आलीस. तुझ्यासाठी परत जाऊया म्हणायचो, पण मला जायचं नव्हतं, आई. तुला कसं सांगू कळत नव्हतं."

समोरच्याच्या मनातलं ओळखून पैसे कमावणारा माझा मुलगा, आईच्या मनातलं मात्र त्याने चुकीचं ओळखलं. खरं सांगायला दोन क्षण होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "पिठी उतू जाईल, सोड."

राहिलेले दहा दिवस तो शिट्टी वाजवत वर जायचा. फॉर्मसाठी दोन शाळा बघून आलो. केतकीने मला अंगाला नीट बसणारा रेनकोट घेतला. परतीला व्हीलचेअर होतीच.

गावी पोचले त्या संध्याकाळी शेवंता आली. दारातूनच मागे बघायला लागली. "लेक खय?"

"देवान थयच ठेवल्यान गो."

"मोकळ्या हातान इलंस तर."

मी तिला फजचा, म्हणजे तिकडच्या बर्फीचा, डबा दिला. मांजर येऊन जेवून गेली. घर होतं तसंच आहे, चार खोल्या, एक दिवा पुरतो. लोक विचारतात, तिकीट, कोच, रेनकोट धरून एवढा खर्च केलास, काय आणलंस. मी रीडिंगचा बाक सांगते, बांगडे सांगते, गोल चौक सांगते. खांद्यावरचं ते डोकं सांगत नाही. ते मला ज्या गोष्टीसाठी मिळालं ती मी केलीच नव्हती. खरं सांगायचं तर ते परत द्यावं लागेल, आणि मला ते द्यायचं नाही.

पण एवढं मोठं खोटं पोटात घेऊन मरायचंही नाही, म्हणून इथे लिहिलं. हेमंतला मराठी वाचायचा कंटाळा, माझं लिखाण तो दोन परिच्छेदांच्या पुढे नेत नाही. केतकी मात्र शेवटपर्यंत वाचते. तर केतकी, त्याला सांगायचं की नाही, ते तू ठरव. मला विचारू नकोस, मला डावं-उजवं कळत नाही.