चंपीचे दात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते फक्त ह्यांनाच.

एकोणीसशे पन्नासनंतर लग्न होऊन मी मुलुंडला आले. तिथे तेव्हा घरांपेक्षा मोकळं रान जास्त. संध्याकाळी अंगणात बसलं की समोरचा डोंगर निळा होत जायचा. अजून डोळ्यांपुढे येतो. अंगणात ह्यांची कुत्री पडलेली असे. चंपी. बारा वर्षांची, तोंडाभोवती पांढरी झालेली.

तिच्या हिरड्या सुजायच्या. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दात रोज साफ करा. हे बोटाला मऊ फडकं गुंडाळून, मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून तिचे दात चोळायचे. ती तोंड फिरवायची, पंजानं हात ढकलायची, गुरगुरायची. हे तिची मान मांडीवर घेऊन तिच्याशी बोलत बोलत काम उरकायचे. मी दारातून बघायची. इतक्या मऊ आवाजात हे माझ्याशी कधी बोलले होते का?

मग ऑफिसनं ह्यांना सहा महिन्यांसाठी नागपूरला धाडलं. घरात मी आणि डोळ्यांनी अधू झालेल्या सासूबाई. निघताना हे म्हणाले, "तिचे दात तेवढे बघ. गुरगुरेल, पण चावायची नाही."

चावली नाही. खरंच नाही. तीन दिवस मी हात लावून बघितला. चौथ्या दिवशी तिनं दात विचकले आणि मी फडकं दोरीवर टाकून दिलं. भीती वाटली — पण नुसती भीती होती का? ह्यांच्या पत्रात आधी चंपीची चौकशी असायची, मग माझी. मी उलटटपाली लिहायची, रोज दात घासते, आता शहाण्यासारखी बसते. किती सहज लिहायची मी ते!

दिवाळीच्या सुमारास ती भाकरी हुंगून सोडायला लागली. तोंडाला वास यायचा. एक गाल सुजला. तरी मी कळवलं नाही. कळवलं असतं तर — खोटं उघडं पडलं असतं.

हे परत आले ते थेट अंगणात. तिनं शेपटी हलवली, पण तोंडाला हात लावू देईना. दवाखान्यात तिचे सात दात काढले. पुढे महिनाभर हे तिला बोटानं पेज चाटवत होते. मग ती गेली.

तिला पुरून आल्यावर मी ह्यांच्या हातावर पाणी घालत होते. हे म्हणाले, "तू रोज एवढं केलंस. मीच तिला निघण्याआधी डॉक्टरांना दाखवायला हवं होतं."

तेव्हा सांगायचं होतं. मी पाणी घालत राहिले.

त्यानंतर चाळीस वर्षं हे आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे — कुत्र्याला कधी हात न लावलेल्या नव्या नवरीनं माझ्या म्हाताऱ्या कुत्रीचे सहा महिने दात घासले. मी मान खाली घालायची. लोकांना तो विनय वाटायचा.

शेवटच्या आजारपणात हे एकदा म्हणाले, "चंपीला तू सांभाळलंस ना, तेव्हाच मला कळलं, घरात कशी बाई आलीय ते."

मी ह्यांचा हात हातात घेतला.

मी तिला सांभाळलं नव्हतं.