बाप्पाला चालेल असा उतार

“मॅडम, तुमचं ते क्रॉसिंग रद्द करा. आमचा बाप्पा त्यावरून जाणार नाही.”

गणपती मंडळाचे अध्यक्ष सातम काका भर मीटिंगमध्ये बोलले आणि खोलीतल्या निम्म्या माना डोलल्या. शेजारी बसलेल्या आमच्या साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाप्पाला मीच अडवलंय.

मी रस्ते डिझाइन करते. हे काम बोरिवलीचं. रस्त्याच्या एका बाजूला बाजार, दुसऱ्या बाजूला खाडी. खाडीवर जेट्टी आहे, बसायला बाकं आहेत, वारा फुकट आहे. पण मधल्या रस्त्यावर गाड्या अशा सुटतात की बाजारातली म्हातारी माणसं खाडी लांबूनच बघतात. त्यावर माझा उपाय होता टेबलटॉप क्रॉसिंग. म्हणजे लोक जिथून ओलांडतात, तिथे रस्ताच उचलून फुटपाथच्या उंचीला आणायचा. माणूस सपाट चालतो, गाडीला मात्र चढावं-उतरावं लागतं, म्हणून ती हळू होते.

आता गाडीला चढावं लागतं तसं गणपतीच्या ट्रॉलीलाही लागणार. विसर्जनाची मिरवणूक याच रस्त्याने खाडीच्या फाट्यापर्यंत येते. आदल्या वर्षी एका स्पीडब्रेकरवर मंडळाच्या मूर्तीचं बोट तुटलं होतं. विसर्जनाआधीच मूर्ती भंगली म्हणून मिरवणुकीचे ढोल बंद करावे लागले. हे सांगताना काकांनी स्वतःचं बोट वर धरून दाखवलं. हरकत खोटी नव्हती, त्यामुळे मला धड रागावताही येईना.

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, “सोडून दे. पादचारी पूल टाकू.”

“सर, गुडघे दुखणारी माणसं पूल चढणार?”

“मग पटव त्यांना. आठवडा देतो.”

उतार लांब केला की धक्का बसत नाही. पण हे कागदावर दाखवून काय उपयोग? मी काकांना फोन केला. “ट्रॉली काढा, करूनच बघू.”

कॉन्ट्रॅक्टरने मंडळाच्या मैदानात दोन उंचवटे बनवले. एक पहिल्या नकाशाप्रमाणे आखूड उताराचा, दुसरा लांब उताराचा. मूर्तीच्या वजनाची वाळूची पोती ट्रॉलीवर चढवली. काकांचं समाधान होईना. “पोत्याला काय कळतंय?” म्हणत ते स्वतः प्लास्टिकची खुर्ची घेऊन वर बसले, हातात काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास.

मंडळाच्या पोरांनी ट्रॉली ढकलली आणि सवयीने आरोळी ठोकली, “गणपती बाप्पा…”

“गप रे! माझं विसर्जन करताय काय?”

आखूड उतारावर अर्धा चहा काकांच्या पांढऱ्या शर्टावर गेला. ग्लास पुन्हा भरला. लांब उतारावर एक थेंब सांडला नाही. तो चहा काका वरच बसून निवांत प्यायले.

“झकास. गाव कुठलं गो तुझं?”

“देवगड.”

“मगे आधी सांगूचा नाय?” काका थेट मालवणीवर आले, तेही तिकडचेच.

मी साहेबांना व्हिडिओ पाठवला. त्यांचा लगेच फोन. “अगं, मग गाड्यांनाही धक्का बसणार नाही. त्या हळू कशाला होतील?”

मुद्दा बरोबर होता. मग क्रॉसिंगपाशी दोन्ही फुटपाथ पुढे आणून मी रस्ता अरुंद केला. जागा कमी दिसली की ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. अरुंद किती करायचा? ट्रॉली आरामात निघेल इतपत. ते माप घेताना टेपचं दुसरं टोक काकांनीच धरलं.

गणपतीआधी क्रॉसिंग बांधून झालं आणि विसर्जनाला मी तिथेच उभी होते. मूर्ती उंचवट्यावर चढली आणि उतरली. सगळी बोटं जागेवर होती. मला हुंदका आला, पण ढोलांपुढे तो कोणाला ऐकू जाणार?

खरी परीक्षा नंतर झाली. गाडीवाल्यांनी तक्रारी केल्या. ट्रॅफिक तुंबतो, क्रॉसिंग उखडा. पुन्हा मीटिंग लागली. मी लॅपटॉप उघडायच्या आत काका उठले.

“उखडायचं नाव काढायचं नाय. बाप्पाचा उतार आहे तो.”

साहेबांनी पुढचा विषय घेतला.

आता संध्याकाळी सातम काकू गुडघ्याला पट्टा बांधून खाडीवर जातात. काका मागे, त्या पुढे. रस्ता टिकवायला काँक्रीट चांगलं लागतं, हे मी कॉलेजात शिकले होते. भांडणारा माणूस आपल्या बाजूला लागतो, हे बोरिवलीत शिकले.