पेरूची जेली आणि लेबल निघालेले डबे

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं, पण साखर अजून रेशनच्या कार्डावरच मिळायची. म्हणून बेगमसाहेबांनी दोन शेर साखर माझ्यापुढं ठेवली तेव्हा मला धाकच वाटला.

"चार घरची गोळा केलीय, बाई," त्या म्हणाल्या. "बिघडली तर दुसरी न्हाय."

मी तेव्हा उस्मानाबादेत मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. वय वीस. माहेर जळकोटचं, घरची शेती, आणि लिंगायत असल्यानं आमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा कधी आलेलं नव्हतं. शिकायला मात्र मी सोलापूरला मावशीकडं होते. तिथल्या मिशनच्या शाळेत एक गोऱ्या बाई आम्हाला शिवणकाम आणि पेरूची जेली शिकवायच्या. त्या जेलीची एक बाटली मी हौसेनं बेगमसाहेबांच्या, म्हणजे वकीलसाहेबांच्या, घरी दिली होती, कारण त्यांच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात होत्या. त्या बाटलीपायीच मी या भानगडीत सापडले.

बेगमसाहेबांचा धाकटा भाऊ लढाईवरून परत आला होता. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, गोऱ्या अफसरांच्या भोजनगृहात तो तीन वर्षं कारकून होता. आता त्याला सडकेच्या कामावर नोकरी हवी होती, आणि सडकेचा इंग्रज इंजिनियर रविवारी संध्याकाळी वकीलसाहेबांकडं चहाला येणार होता. काय खायला घालायचं हे भावानं ठरवून टाकलं होतं. करंगळीएवढी सॉसेजं, म्हणजे खिमा भरलेल्या बारीक नळ्या, तव्यावर परतायच्या. एकेकीला काडी टोचायची आणि फळांच्या गोड-आंबट जेलीत बुडवून खायच्या. साहेबलोक संध्याकाळी हेच खातात, असं तो दहादा सांगत होता. लष्करातला उरलेला माल सोलापूरच्या बाजारात विकायला येई, तिथून त्यानं ओल लागून लेबलं निघायला आलेले सहा डबे आणले होते.

"बकऱ्याचं आहे," तो म्हणाला. "दुकानदारानं कसम खाऊन सांगितलंय."

मी बेगमसाहेबांना एकच अट घातली. माझी चूल वेगळी, परसात, आणि भांडी माझी. त्यांनी लगेच मान्य केलं. घरच्या बावर्चीच्या मात्र ते मनाला लागलं. साठीचा माणूस, त्या घरात त्याची हयात गेलेली. कालची पोरगी येऊन परसात चूल मांडते म्हणून तो दुपारभर माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

पेरू आदल्या दिवशीच शिजवून मलमलच्या फडक्यात टांगून ठेवले होते. फडकं पिळायचं नसतं, पिळलं की जेली गढूळ होते. रात्रभरात पातेलंभर रस गळला होता. त्यात साखर आणि लिंबू घालून मी तो चुलीवर चढवला. ताटलीवर थेंब टाकायचा, बोटानं रेघ ओढायची आणि रेघ उघडी राहिली की उतरवायचं, एवढी साधी परीक्षा. पण त्या दिवशी रेघ राहीचना. थेंब पुन्हा पुन्हा एकत्र येत होता. चार वाजून गेले होते, पाहुणे सहाला येणार होते. भाऊ दर पाच मिनिटांनी परसात डोकावून विचारायचा, "झालं का?"

आच कमी पडतेय असं वाटून मी चुलीत घालायला बावर्चीकडं कागद मागितला. तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर डबे फोडत बसला होता. ओलीनं डब्यांवरची लेबलं सुटून ते आणलेल्या पोत्यात पडली होती. त्यानं मूठभर चिटोऱ्या माझ्याकडं सरकवल्या.

छापील कागद वाचल्याशिवाय मला फेकवत नाही, अजूनही नाही. मी चिटोऱ्या उलगडल्या. बहुतेक अक्षरं विरघळून गेली होती. एका तुकड्यावर मात्र चार इंग्रजी अक्षरं ठळक उरली होती.

पोर्क.

मिशनच्या बाईंच्या फडताळात असाच एक डबा असायचा. मी तो शब्द वाचून अर्थ विचारला होता आणि बाईंनी सांगितला होता. डुकराचं मांस.

मी चुकत असेन तर? लेबल एक आणि आतला माल दुसरा असेल तर? निजामाच्या सरहद्दीपलीकडून रोज दंग्यांच्या वाईट बातम्या येत होत्या, आमच्या गावातही लोक हळू आवाजात बोलायला लागले होते. मुसलमानाच्या घरात एक हिंदू मास्तरीण डुकराचं नाव काढते, हे उद्या बाजारात कुणाच्या तोंडून कसं सांगितलं जाईल? गप्प बसले तर कुणालाच कळणार नव्हतं. तो कागद माझ्या हातात होता आणि चूल समोर होती.

तेवढ्यात तव्याचा चर्र आवाज आला. मी मान वर केली. बावर्चीनं एक तुकडा परतून बोटात धरला होता आणि मीठ बघायला तोंडाकडं नेत होता.

"चाचा, चाखू नका!" मी ओरडले. "तुम्हाला शपथ आहे, खाली ठेवा ते!"

तो थिजला. मी धावत जाऊन कागद त्याच्यापुढं धरला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडं बघून त्यानं तुकडा टाकला आणि बोटं अंगापासून लांब धरून तसाच उभा राहिला.

बेगमसाहेब आल्या, मागोमाग भाऊ. मी काय वाचलं ते सांगितलं. भाऊ लालबुंद झाला.

"खोटं आहे! मराठी शिकवणाऱ्या बाईला अंग्रेजी किती येतं?"

"मग येणाऱ्याला विचारू," बेगमसाहेब म्हणाल्या आणि त्यांनी वकीलसाहेबांना बोलावलं.

वकीलसाहेबांनी चष्मा लावला, कागद खिडकीपाशी नेला आणि नीट वाचला. मग कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला.

"बाई बरोबर आहेत," ते मेहुण्याला म्हणाले. "तू यातलं काही खाल्लंस?"

"आज नाही," तो म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला. असं का म्हणाला ते तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पुढचा तास नुसती धावपळ झाली. डबे आणि तवा परसाच्या कोपऱ्यात पुरले. बावर्ची आंघोळ करून आला, नवा तवा काढला, दुपारच्या जेवणासाठी आणलेलं बकऱ्याचं उरलेलं मांस कुटलं आणि करंगळीएवढे कबाब वळू लागला. इकडं माझी जेली त्या गडबडीत चुलीच्या मंदावलेल्या आचेवर तशीच राहिली होती. मी घाबरून ताटलीवर थेंब टाकला, रेघ ओढली. रेघ राहिली. दोन मिनिटं आणखी गेली असती तर करपली असती. त्यात चिंचेचा कोळ, वाटलेली मोहरी, सुंठ आणि लाल मिरचीची पूड घालून मी ती पातळ केली. बावर्ची वाटी घेऊन परसात आला, चमच्यानं चाखली आणि दुपारपासून पहिल्यांदाच बोलला.

"थोडा नमक, बेटी."

इंजिनियरसाहेब अठरा कबाब खाऊन गेले. मुलींनी पडद्याआडून मोजले होते. ते सॉसेज नव्हतं हे त्यांच्या ध्यानात आलंच असणार, पण त्यांनी विचारलं ते माझ्या जेलीच्या सॉसबद्दल. नोकरीचा विषय मात्र त्यांनी काढलाच नाही. ती पुढंही मिळाली नाही.

दोन दिवसांनी शाळा सुटताना भाऊ फाटकाशी उभा दिसला. पुन्हा वाद घालायला आला असेल म्हणून मी पदर सावरून ताठ उभी राहिले.

"बाई, एक विचारायचं होतं." तो म्हणाला. "तिकडं अफसरांचं उरलेलं आम्ही खायचो. असेच डबे. माझं काम हिशेबाचं, मी कधी लेबल वाचलं नाही. खानसामा म्हणायचा बकऱ्याचं. तीन वर्षं. सगळ्या डब्यांत तेच असायचं का?"

मला खरंच माहीत नव्हतं. खोटं सांगून त्याला सोडवावं असं फार वाटलं.

"मला ठाऊक नाही, भाईसाहेब," मी म्हटलं. "पण तुम्हाला जे सांगितलं त्यावर भरवसा ठेवून तुम्ही खाल्लंत. वकीलसाहेबांशी बोललात का?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. घरात कुणाला सांगायची हिंमत होत नव्हती, म्हणून तो परक्या माणसाकडं आला होता.

मी दप्तर दुसऱ्या हातात घेतलं आणि त्याच्याबरोबर वकीलसाहेबांच्या घराकडं चालू लागले. दारात बेगमसाहेब दिसल्या. मी म्हटलं, "यांना तुमच्याशी बोलायचंय," आणि तो आत जाईपर्यंत मी पायरीवर थांबले.