गाठोडं

वॉर्डातल्या नर्स पोरी त्या थोरल्या सिस्टरला मागून 'मास्तरीण' म्हणायच्या. चादरीची घडी असो की सलाईनची नळी, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. कुणालाच न सापडणारी शीर तिला हमखास सापडे. तोंड मात्र फटकळ.

एकदा अर्धांगवायू झालेला एक शिंपी दाखल झाला. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली, डोळे छताला लागलेले. त्याची बायको डबा धुवायला गेली होती, तेव्हा अंग पुसता पुसता मास्तरीण आयाबाईंना म्हणाली, "याला कसलं आलंय भान? नुसतं गाठोडं झालंय. बायको बिचारी उगाच खस्ता खातेय. हा सुटला तर तीही सुटेल." आयाबाई हसल्या. तीही हसली. मग त्याला नीट कुशीवर वळवून तिनं पाठीला पावडर लावली. कामात कसूर नव्हती.

काही महिन्यांनी तो काठी टेकत तपासणीला आला. मास्तरीण आनंदानं पुढं झाली. "अरे वा मामा, चालायला लागलात की!"

त्यानं तिच्याकडं रोखून पाहिलं. एकेक शब्द ओढून काढत म्हणाला, "गाठोडं... चालतंय... बाई."

"अजून शब्द इकडचे तिकडे होतात त्यांचे," बायको ओशाळून हसली.

मास्तरणीचं तोंड पडलं. रात्री तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जातं गं एखादं तोंडातून."

"एखादं नाही हो. रोज."

पेन्शन जवळ आलेली असताना ती वाचा-उपचार करणाऱ्या मुलीकडं शिकायला जाऊ लागली. ही मुलगी तिच्या लेकीच्या वयाची. न बोलणाऱ्या माणसाशी कसं बोलावं, पापणीच्या हालचालीवरून हो-नाही कसं विचारावं, हे ती स्टुलावर बसून शिकली. "आता या वयात पाटी-पेन्सिल?" मैत्रिणी चिडवत. ती वही उचलून निघे.

मग एक दिवस ती शिंप्याच्या दुकानात गेली. "चुकलं माझं," एवढंच तिला बोलता आलं.

"राग... आहे... अजून."

"असू द्या. पण पडल्या पडल्या काय ऐकलंत, ते आमच्या नव्या पोरींना सांगाल का?"

तो नव्या नर्सच्या वर्गात आला. अडखळत, घाम पुसत त्यानं सगळं सांगितलं, फक्त कोण बोललं ते सोडून. एक मुलगी तावातावानं म्हणाली, "कोण हो ती बाई? माणूस म्हणायचं का तिला?"

शिंपी काठीकडं बघत राहिला. पहिल्या रांगेतून मास्तरीण उठली.

"मी."

त्या मुलीनं मान खाली घातली. मास्तरीण तशीच उभी होती. बसावं की बाहेर जावं, तिला उमजेना.

"बसा," शिंपी म्हणाला. "अजून... सांगायचंय."