घोडेवाली, चांदवाली आणि तात्यांचा शब्द

तात्या गेल्याची बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरनं दिली. इंदापूरच्या स्टँडवर मी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेची पत्रकं वाटत होतो. गाडीच्या पायरीवरूनच तो म्हणाला, "तुमचे चुलते सकाळी गेले, बसा लवकर." बसलो. पत्रकांचा गठ्ठा मांडीवर तसाच राहिला... आणि वाटेत खिडकीतून पाहतो तर बारामतीच्या रस्त्याला एकामागून एक जुन्या मोटारी लागलेल्या. मुंबईच्या कंपनीच्या मते या गाड्या केव्हाच मेल्या होत्या. त्या सगळ्या तात्यांच्या अंत्यदर्शनाला चालल्या होत्या. याचं श्रेय ज्याचं त्याला मिळालं पाहिजे, म्हणून आज महिन्याभरानं हे लिहितो आहे.

तात्या माझे थोरले चुलते. बारामतीत त्यांच्याकडं एका विलायती मोटारीची एजन्सी होती. तिच्या बॉनेटवर घोड्याचं चिन्ह, म्हणून लोक तिला घोडेवाली म्हणत. इंदापूरला रंगरावांकडं दुसऱ्या विलायती कंपनीची एजन्सी, तिच्यावर चंद्रकोर, म्हणून ती चांदवाली. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. तात्याचा घोडा चढावर उतरून ढकलावा लागतो, असं रंगराव भर बाजारात सांगत. चांदवाली अवसेला बंद पडते, असं तात्या त्याच बाजारात सांगत. गाडी विकताना मात्र तात्या एकच वाक्य बोलत, "पार्टाची काळजी तुमी करायची न्हाय, ती माझी." उसाचा पैसा नव्यानंच हाती आलेल्या माणसांनी या एका वाक्यावर मोटारी घेतल्या.

मग तिकडं विलायतेत या दोन्ही कंपन्या एक झाल्या. वर्तमानपत्रात कोपऱ्यात चार ओळी आल्या होत्या. तात्या नारळ आणि फेटा घेऊन थेट इंदापूरला गेले. म्हणाले, "कंपन्यांची सोयरीक झाली रंगराव, आता आपुन व्याही." रंगरावांनी फेटा ठेवून घेतला, नारळ फोडला आणि शांतपणे विचारलं, "पोरीकडचं कोण? तुमी का आमी?" यावर दोघांत जे जुंपलं ते चहा गार होईपर्यंत चाललं. पोरीकडचं व्हायला कुणीच तयार नव्हतं.

कंपन्या एक झाल्या म्हणजे पार्टही एकच, असं सगळेच धरून चालले होते. कोऱ्हाळे बुद्रुकच्या गेनूआबांच्या घोडेवालीचा एक्सल तुटला, तेव्हा रंगरावांकडून चांदवालीचा आणवला. तो बसेना. घासला, ठोकला, तरी बसेना. गेनूआबा हात पुसत म्हणाले, "लगीन लागलं आसंल, पण पंगती अजून येगळ्याच हायत." त्या वेळी आम्ही हसलो. पण आसपासच्या वस्त्यांवरची अडलेली बाई, साप चावलेलं पोर दवाखान्यात पोचायचं ते याच गाडीतून, आणि ती आता लिंबाखाली उभी होती. पुढच्या खेपेला आबा हसले नाहीत. "तात्या, गाडी तुमच्या शब्दावर घेतली. आता लोक मला इचारत्यात." एवढंच बोलून ते निघून गेले. तात्या त्या दिवशी जेवले नाहीत.

मुंबईहून कंपनीचा साहेब आला. गोरा नव्हे, आपलाच, टाय लावलेला. जुन्या मॉडेलचे पार्ट बंद, या भागात यापुढं एकच एजन्सी, आणि जो जुनी गिऱ्हाइकं नव्या मॉडेलकडं वळवील त्यालाच ती मिळेल, असं त्यानं सांगितलं. तात्यांनी विचारलं, "आनि मी दिलेला शब्द?" साहेब म्हणाला, तो कंपनीनं दिला नव्हता. हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. आपलं सरकार परदेशी मालाला चाप लावतंय, याला माझा विरोध नाही. मोटारी इथंच झाल्या पाहिजेत. पण बुडायला लागलेल्या दोन कंपन्यांनी एकमेकींना मिठी मारायची, आणि तरंगायला पाय मात्र कोऱ्हाळ्याच्या शेतकऱ्याच्या खांद्यावर द्यायचा, हा कुठला व्यापार?

तात्यांनी एजन्सी सोडली. रंगरावांनी ती घेतली. मी रात्रीतून पत्रक लिहिलं, मथळा दिला : 'विलायतेत लग्न, इंदापुरात काडीमोड'. तात्यांनी ते वाचलं, मनापासून हसले आणि म्हणाले, "झ्याक लिवलंयस. पर छापू नगंस. त्याला नव्या गाड्या कोण देतंय? चार म्हैनं बोर्ड पुसंल, मग येईल." तसंच झालं. नवा बोर्ड लागला, पण सरकारच्या चापामुळं विलायतेहून नवी गाडी काही आली नाही. आणि चांदवालीवाले पार्टासाठी रंगरावांच्या दारात बसू लागले.

मग सांगवीला एका वांग्याच्या मळ्यात दोन्हीकडचे गाडीवाले जमले. तात्या उभे राहिले. "नांगरटीला आपुन काय करतो? माझा एक बैल, तुझा एक बैल, पाळीपाळीनं दोघांचं रान. सावड. मोटारीला काय निराळं हाय?" म्हणजे प्रत्येक जातीची एक गाडी कायमची उभी करायची, तिचे पार्ट बाकीच्यांना द्यायचे, आणि ज्याची उभी राहील त्याच्या नडीला कुणीही, कुठल्याही चिन्हाची गाडी घेऊन जायचं. पटलं सगळ्यांना. पण आपली गाडी कोण उकलून देणार? तेव्हा तात्या म्हणाले, "माझी कालच उकललीया. गेनूआबा, एक्सल घेऊन जावा." रंगरावांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग कुणाकडं न बघता म्हणाले, "आमची बी एक उभी करा." त्या दिवसापासून तात्या एस.टी.नं हिंडले... शेवटपर्यंत.

त्यांची घोडेवाली आमच्या पडवीशेजारच्या छपरात विटांवर आहे. एक्सल कोऱ्हाळ्यात पळतो, डायनॅमो सांगवीत, डावा दिवा आणखी कुठं. गाडी पोकळ होत गेली तसे तात्या खूश होत. रोज सकाळी तिच्यात काय उरलंय ते बघायचे, आणि आतलं काही कामी गेलेलं असलं की काकूंकडं दुसरा चहा मागायचे.

गेल्या आठवड्यात रंगराव आले. मोटारीच्या टपावर बांधून एक लांबडं पुडकं आणलं होतं. गोणपाट सोडलं तर आत नवा एक्सल. पुण्याच्या एका कारखान्यात जुन्यावरून घडवून घेतलेला, आपल्या माणसांच्या हातचा. त्यांनी गड्यांना हाताशी घेऊन तो बसवला, सोबत आणलेला डायनॅमो, दिवा आणि गेलेलं बाकीचं सामानही जोडलं. विटा काढल्या. गाडी हळूच आपल्या चाकांवर आली. काकू दारात उभ्या होत्या. रंगरावांनी फेटा सारखा केला आणि म्हणाले, "वैनी, गाडी तुमची. आता घरच्या कामाला ठेवा, सावडीतनं मोकळी."

काकूंनी पदरानं बॉनेटवरची धूळ पुसली.

"मोकळी कशाला?" त्या म्हणाल्या. "आता चालती हाय तर पाळीत धरा."