सत्यजितला न पुरलेला दम

सत्यजितचा आवाज बारीक. फोनवर बँकवाले त्याला हमखास 'मॅडम' म्हणतात. पुण्यात असताना त्यानं चारचौघांत कधी गाणं म्हटलं नाही. इथे टोकियोत ऑफिसच्या मीटिंगमध्येही आधी खाकरून, आवाज जाड करून बोलतो. मी शेजारीच बसतो. असा माणूस टोकियोजवळच्या ग्योतोकु गावच्या हौशी गायनवृंदात शिरला, आणि तिथल्या गाण्याच्या बाई ओनिशी-सेन्सेईंनी त्याला एकट्यानं गायचं जुनं इटालियन गाणं दिलं. पठ्ठ्या महिनाभर तरंगत होता.

अडचण एका ओळीची. ती एका दमात संपवायची आणि ह्याचा दम आधीच संपायचा. मग प्राणायाम सुरू झाला. तोझाई लाइनच्या मेट्रोत, गर्दीत हा श्वास कोंडून उभा. लालबुंद तोंड बघून एका आजींनी उठून जागा दिली.

"कोंडायचा नाही, पुरवून सोडायचा," सेन्सेई म्हणाल्या. "तसंही हे गाणं तुमच्या शरीरासाठी नाही."

कुणाच्या शरीरासाठी, ते सत्यजितनं मला जेवताना सांगितलं. असली गाणी ज्यांच्यासाठी लिहिली, ते गायक म्हणजे लहानपणीच खच्ची केलेली पोरं. आमच्याकडे बैलांचं करतात तेच. त्यामुळे कंठ वाढायचा नाही, स्वरतंतू आखूडच राहायचे. हाडं मात्र उशिरापर्यंत वाढायची, फासळ्यासुद्धा. पोराचा गळा, पहिलवानाची छाती, वर अनेक वर्षांचा रियाज.

माझा घास हातातच राहिला. "मग बाईंनी तुझं कौतुक केलं की काय केलं?"

"तेच कळेना. रविवारच्या तालमीत जमलं नाही तर गाणं वृंदातल्या फुजिता-सान गाणार. त्या बाईंचा दम दांडगा आहे."

"गाऊ दे की मग."

"अरे, आवाज जाड कर असं न म्हणणारी ही पहिलीच जागा आहे!"

रविवारी जमलं नाहीच. पण सेन्सेईंनी गाणं काढून घेतलं नाही. ह्याचा दम संपेल तिथून फुजिता-साननी तोच सूर उचलायचा, असं ठरलं. ही शिक्षा की सवलत, ते न समजताच सत्यजित वाकून आभार मानून आला.

कार्यक्रमानंतर त्याच्या घरी तो, त्याची बायको सई वहिनी आणि मी रेकॉर्डिंग ऐकलं. ती ओळ आली.

"हा तू," सई वहिनी म्हणाल्या.

"छे गं, इथे मी श्वास घेतोय."

"मग हा?"

"हा... थांब, मागे घे." पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच. सूर कुठे बदलला, तिघांनाही सापडेना.

"पुढच्या वर्षी गाणार का?" मी विचारलं.

"गाणार," सत्यजित म्हणाला. "पण ह्या वर्षी किती गायलो, ते आधी कळू दे."